पडलेल्याची पात

माझ्या पोराची मला शरम वाटत होती, हे आधीच सांगून टाकते. पुण्यात नोकरीला असलेला माणूस सुटीवर घरी येतो, तेव्हा त्यानं ओसरीवर खुर्ची टाकून बसावं. चार जणांनी येऊन शरणार्थ म्हणत हात जोडावे, चहा घ्यावा, पुण्याच्या गोष्टी विचाराव्या. आमच्या गुरुपादनं काय केलं? आल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत खुंटीचा विळा काढला आणि बायांच्या रांगेत जाऊन तुरीची पात धरली. इंजिनिअर झालेला पोरगा! हाताला फोड आले, फोड फुटले, तरी हटला नाही. कुणाशी बोलेना. घरात जेवायला बसला की गळ्यातल्या लिंगाला हात लावायचा, डोळे मिटायचा आणि उघडायचंच विसरायचा. भाकर गार व्हायची.

गावात बोलायला तोंडं कमी आहेत का? "मल्लाव्वाच्या गुरुपादला पुण्यातनं हाकललं वाटतं," एवढं माझ्या कानावर आलं. जे आलं नाही ते याहून वाईट असणार.

मला हे जास्त झोंबलं, कारण सोनपेठच्या बाजारात मीठमिरची घेतानासुद्धा मी त्याचंच सांगायची. पुण्यात एक कंपनी नद्यांच्या पाण्याचे हिशेब करून देते, म्हणायची. पूर आला तर पाणी कुठवर चढेल, ते आधी सांगते. तिथं एक यंत्र आहे, त्यात एक डोकं नाही, पुष्कळ डोकी आहेत. एकच मोठं काम सगळ्यांना वाटून देतात आणि सगळी डोकी एकाच वेळी करतात. आमचा गुरुपाद त्या यंत्राला कामाला लावतो. दुकानदार म्हणाला होता, "म्हंजे आपल्या एकत्र कुटुंबासारखं म्हणा की आव्वा." मी म्हणाले, "न्हाई. तिथं काम होतंय."

त्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं होतं. कुणाच्या दारात गुलाल होता, कुणाच्या दारात कुलूप. एसट्या कधी धावत, कधी फाट्यावरून माघारी फिरत. त्यामुळं पोरगा परत कधी जाणार हे विचारायचीही सोय नव्हती. तो म्हणे, "एसटी बंद हाय." चालू असली तरी तेच म्हणे.

तूर तयार झाली होती. ज्यांनी तूर कापली नाही त्यांना सांगते, तुरीला दहिवर लागतं. पहाटेच्या दवानं शेंग ओली असते तोवर विळा चालवायचा. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणे मातीत जातात. त्यात आभाळ भरून यायला लागलेलं. मी बायांना सांगून टाकलं, "दहिवर हाय तवर न्याहारी न्हाई. पैलं रान, मंग भाकर." सरजाबाई तोंडानं तिखट. ती म्हणाली, "आव्वा, तुरीला दव चालतंय, आमाला बी तेच चाटायचं का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण न्याहारीला काही सोडलं नाही.

आमच्याकडं पातीचा एक रिवाज आहे. रांगेतल्या एकेका बाईची एकेक पात, म्हणजे तिच्या वाट्याचा पट्टा. सगळ्या एकदम धुऱ्यापासून, म्हणजे रानाच्या बांधापासून, निघतात आणि समोरच्या धुऱ्यावर एकदम पोचतात. मधेच एखादीच्या पोटात कळ आली, कुणाचं लेकरू रडायला लागलं, कुणी थकून बसली, तर आरडाओरडा करायचा नाही. डावीकडची आणि उजवीकडची मिळून तिची पात आपसात ओढून घेतात. रांग पोचल्यावर मागं वळून पाहणाऱ्याला कळूही नये, कोण बसली होती ते. मला कळतं. मी कळलं नाही असं दाखवते.

तर त्या दिवशी चतुराबाई पडली. माझ्याहून वयानं मोठी बाई. वाकलेली होती ती तशीच कुशीवर गेली, विळा हातातच. सरजाबाईनं धावत जाऊन तिच्या तोंडावर पाणी मारलं, पदरानं वारा घातला. चतुराबाईनं डोळे उघडले, तसा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग रिवाजाप्रमाणं सरजाबाईनं हाक दिली, "गुरुपाददादा, तुमी चतुरामावशीच्या उजवीकडं हाव. घ्या तिची पात ओढून."

गुरुपाद उठला. उठला तो पुढं न जाता मागं फिरला. पार धुऱ्यापर्यंत गेला, चतुराबाईनं जिथून सुरुवात केली होती तिथं. वाकला. आणि कापून झालेल्या खुंटांवर विळा चालवायला लागला.

"ओ इंजिनेरसाहेब!" सरजाबाई ओरडली. "खुटांची भाजी करायची का?"

मग काय, हसून हसून बायांनी पोटं धरली. कुणी म्हणे पुण्याला अशीच तूर कापतात, कुणी म्हणे साहेबाला कापलेली दिसंना, चष्मा आणा. गुरुपाद खुंटांकडं बघत उभा राहिला. "हे कापलेलं हाय," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही, नुसताच. "हे कापलेलंच हाय की." आणि मटकन खाली बसला, दोन्ही तळव्यांत तोंड घालून.

हसणं थांबलं. माझ्या अंगाची मात्र लाही झाली. माझ्या रानात, माझ्या मजुरांपुढं, माझा पोरगा तोंड झाकून बसतो! त्याला तर काही बोलता येईना. मग मी कुणाला बोलले? चतुराबाईला. तिचं अजून डोकंही वर उचलत नव्हतं. "उभं ऱ्हायची ताकद न्हाई तर पात कामून धरतीस? तुझ्यापायी सगळी रांग मोडली. दहिवर गेलं, शेंगा तडकायल्यात, कोण भरून देणार?"

"चुकलं आव्वा," चतुराबाई म्हणाली.

गुरुपादला मी लिंबाखाली नेलं. बायांना न्याहारी करायला सांगितलं, आता सांगून काय उपयोग होता म्हणा.

"नोकरी गेली का?" मी विचारलं.

"माझी न्हाई."

"मंग कुणाची?"

"सूर्यभानची जायलीय."

सूर्यभान म्हणजे झरी गावचा पोरगा. परभणीच्या कॉलेजात हे दोघं बरोबर होते, आणि पुण्याच्या कंपनीतही बरोबरच लागले. गुरुपाद यंत्राला काय करायचं ते लिहून द्यायचा, सूर्यभानकडं यंत्राच्या पेट्या, त्यांची जोडणी, दुरुस्ती. एकदा तो आमच्या घरी आला होता. ओसरीवरच बसला. आत ये असं मी म्हणाले नव्हते आणि तोही उठला नव्हता.

"त्यानं काय केलं?"

"कायच न्हाई केलं, आव्वा. मी केलो."

मग तो सांगायला लागला. मी मधे मधे विचारत होते, कारण न समजता मान हलवायची मला सवय नाही.

"त्या यंत्रातली डोकी काम करता करता मधीच पडतेत. कवा तापतेत, कवा वीज वरखाली होती. पडायचीच ती. सूर्यभान काय, देव बसवला तरी पडतील. म्हून तर मला एक प्रोग्राम लिहायला सांगितला. कोण पडलं त्याच्यावर नजर ठेवायची, आन त्याची पात शेजारच्याला द्यायची. काम थांबू द्यायचं न्हाई."

"म्हंजे मुकादम."

"हां, मुकादमच म्हण."

"मंग बराबर केलास की. आपल्या रानासारखंच."

"आपल्या रानासारखं केलो, तितंच चुकलो." त्यानं धुऱ्याकडं बोट केलं. "चतुरामावशी पडली, पण तिनं कापलेली तूर कापलेलीच ऱ्हायली. कुणीबी पुढनं सुरू करावं. यंत्रात तसं नसतंय. डोकं पडलं की त्यानं तवर केलेलं सगळं त्याच्यासंगं जातंय. कापलेली तूर पुन्हा उभी ऱ्हायल्यासारखी. आन माझा मुकादम शेजारच्याला सांगायचा, हिथवर झालेलं हाय, तू फुडनं धर."

"मंग मागलं कोण कापलं?"

"कुणीच न्हाई. तरी रांग धुऱ्यावर पोचली. मुकादमानं सांगितलं, सगळं रान साफ."

एवढं तर मलाही कळत होतं.

"पावणे आले होते काम बघायला," तो म्हणाला. "साहेबानं नदीचा नकाशा दाखवला. नदी मधीच कोरडी! पूर आलाय, आन मधल्या चार गावांत पाण्याचा थेंब न्हाई. पावणे हसले. साहेबाची फजिती झाली. मंग कुणीतरी म्हणलं, पेट्या लय पडायल्यात आजकाल. झालं. साहेब सूर्यभानवर उखडले. पेट्या सांभाळायला ठेवलंय का पेढे वाटायला, म्हणले."

"पेढे कसले?"

"नामांतर झालं त्या दिशी त्यानं कचेरीत पेढे वाटले होते. घेतले सगळ्यांनी. निम्म्यांनी टेबलावरच ठेवले."

"आन तू?"

"मी खाल्लो."

"तवा तुला ठाव होतं का, चूक तुझी हाय म्हून?"

"साहेब बोलले तवा न्हाई. संध्याकाळच्याला एकटा बसून बघितलो, तर मी लिहिलेलंच निघालं. वाटलं, सकाळी सांगावं. सकाळी साहेबानं सगळ्यांना बोलावलं आन म्हणले, पेट्या पडल्या तरी निदान गुरुपादच्या प्रोग्रामनं काम पुरं तरी केलं, न्हाई तर दाखवायला नकाशा बी नसता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आव्वा. सूर्यभाननं बी वाजवल्या. महिना संपला की त्याला काढणार हायेत. मी सुटी टाकून निघून आलो."

खरं सांगायचं तर त्या घडीला माझ्या मनात सूर्यभान आलाच नाही. माझ्या मनात सोनपेठचा बाजार आला. दुकानदार आला. गुरुपादसाठी जी मुलगी बघितली होती तिचा बाप आला.

"हे कुणाकुणाला ठाव हाय?" मी विचारलं.

"मला. आन आता तुला."

"मंग गप ऱ्हा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"पेट्या पडत होत्या हे तर खरंच हाय ना? तू खोटं कुठं बोललास? तू कायच बोलला न्हाईस. जाऊन गुपचूप नीट करून टाक तुझा मुकादम. सूर्यभान हुशार हाय, त्याला दुसरी नोकरी लागंल."

वाटलं होतं, तो भांडेल. मनातून कुठंतरी, भांडावं असंही वाटत असेल. तो भांडला नाही. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. दुपारी घरी येऊन त्यानं दोन भाकरी खाल्ल्या, वर ताक प्यायला, आणि आल्यापासून पहिल्यांदा गाढ झोपला. आईला पोराच्या पोटात अन्न गेलेलं पाहून बरं वाटतं. मला वाटलं नाही. तो घोरत होता आणि मी चुलीपाशी उगीच भांडी हलवत बसले होते. रिकामं भांडं इकडून तिकडं, तिकडून इकडं.

दिवस कलल्यावर चतुराबाई दारात आली. ओसरीखालीच उभी राहिली. पदराचा ओचा धरलेला.

"बरं वाटायलं का?" मी विचारलं.

"बरी हाय की. मला काय धाड भरलीय." तिनं ओचा माझ्यापुढं सोडला. तुरीचे दाणे होते. मातीत लोळलेले, थोडे फुटके, काही शेंगांसकट. "माझ्या पातीत तडकल्या तेवढ्याच वेचल्या, आव्वा. सगळ्या न्हाई घावल्या. मुंग्यांनी बी नेल्या काई. तुमचं नुस्कान झालं माझ्यापायी."

म्हणजे चक्कर येऊन पडलेली बाई दुपारभर त्याच रानात, त्याच मातीत, गुडघ्यावर बसून माझे दाणे वेचत होती.

मला म्हणायचं होतं, बाई, तुझी काय चूक? उपाशी ठेवली मी. दहिवराच्या लोभानं ठेवली. तू पडलीस ती माझ्यापायी. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. आणि जीभ म्हणाली, "ठेव त्या सुपात."

तिनं सुपात ओतले. झटकून झटकून ओतले, पदराला एक दाणाही चिकटू दिला नाही. वर म्हणाली, "उद्या येऊ का कामाला? का नगं?"

"ये," मी म्हणाले.

ती खुश होऊन गेली. मला हेच सोसेना. शिव्या देऊन गेली असती तर मी चार परत दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. जिची चूक नाही तीच भरपाई करून जाते तेव्हा तिला परत काय द्यायचं? सूप घेऊन मी कितीतरी वेळ बसले. निवडायचे म्हणून दाणे हातात घेतले आणि निवडवेनात. मग माझ्या डोक्यात आलं, पुण्यात तो पोरगाही असाच असेल. आपल्याच हातून काहीतरी राहिलं म्हणून एकेक पेटी उघडून बघत असेल. पुसत असेल. साहेबापुढं उभा राहून, चुकलं साहेब, म्हणत असेल. टाळ्या वाजवल्या त्यानं. आणि तो तिथं पेट्या पुसत असताना इथं माझा पोरगा पोटभर जेवून झोपला होता, मीच झोपवलं होतं त्याला.

त्या सांजेला मी पूजेला लिंग हातावर घेतलं आणि मलाही डोळे मिटून काही सुचेना. गुरुपादला मी शिकवलं, वाढवलं, सगळं खरं. पण तो गप्प बसायला घाबरत होता, ते त्याचं भलेपण होतं. त्याला गप्प बसायला धीर दिला तो मी. शेजाऱ्याच्या घरात चोर शिरला तर आपण ओरडतो. आपल्या घरातून निघाला, तर दार लावून घेतो. मी तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग धुऱ्यावर उभी होती. गुरुपादही होता, रुमाल बांधून, विळा घेऊन, आदल्या दिवसापेक्षा हुशारीत. सरजाबाईशी दोन शब्द बोलतानाही दिसला.

मी भाकरीचं टोपलं धुऱ्यावर ठेवलं. "पैलं न्याहारी," मी म्हणाले.

"अगं बया!" सरजाबाई म्हणाली. "आव्वा, दहिवर जाईल की!"

"जाऊ दे."

"आज सूर्य कुणीकडनं उगवला गं, बघा बरं."

बाया हसल्या. चतुराबाई मागं उभी होती, तिला मी पुढं बोलावलं. "चतुराबाई, काल कसूर तुझी नव्हती. उपाशी राबवलं मी, आन वर बोलले बी मीच. काल संध्याकाळी तू दारात आलीस, तवा बी माझ्या तोंडातून निघालं न्हाई. आता सगळ्यांदेखत सांगते."

"आव्वा, असं कुठं म्हणतेत का," चतुराबाई पार कावरीबावरी झाली. "जाऊ द्या की. लोकं काय म्हणतील."

"म्हणू दे."

कुणी हसलं नाही. सरजाबाईनंही तोंड मिटलं होतं, हे आमच्या रानात पहिल्यांदाच घडलं असेल. बाया भाकरीला बसल्या. गुरुपाद मात्र उभाच होता, मान खाली घालून. त्याला कळलं होतं. माझं पोरगं आहे ते, इतकं कळणारच. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले आणि हळू बोलले नाही.

"विळा ठेव खाली, गुरुपाद. ह्या बाया पोटासाठी पात धरतेत. तू स्वतःला शिक्षा म्हून धरायलास. लाज वाटू दे. त्यांची रोजी तुझं प्रायश्चित्त न्हाई. काल मी तुला गप ऱ्हा म्हणले, ते मी माघारी घेते. ते आई बोलली न्हाई, सोनपेठच्या बाजारात मिरवणारी बाई बोलली. एसटी असंल तर एसटीनं जा, नसंल तर पायी जा, पण आज सोनपेठ गाठ आन फोन लाव. साहेबाला मागनं. पैलं सूर्यभानला सांग, काय झालं, कुणाचं चुकलं, आन टाळ्या ऐकून तू कसा उभा ऱ्हायलास ते. नोकरी गेली तर घरी ये, भाकर हाय. तुझा मुकादम चुकला त्याला मी माफ केलं, कुणाचाबी चुकंल. पर ठाव झाल्यावर तू गप बसलास, ते माफ करायचा हक्क माझा न्हाई, माझ्याकडं मागू नको. तो त्या पोराचा हाय. त्यानं न्हाई म्हणलं, तर ते बी ऐकून घे, आन मंगच माझ्या दारात ये."